मुंगळ्यांच्या बिळातला पांढरा प्राणी: एका नव्या स्प्रिंगटेलचं वर्णन करताना

मागच्या आठवड्यात माझ्या शोधनिबंधाची शेवटची प्रुफं तपासून परत पाठवली. आता अंक निघेपर्यंत माझ्या हातात काही नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. मातीतल्या एखाद्या बारक्या प्राण्याची नवी प्रजाती मांडायची तर काय काय करावं लागतं, हे सलग कुठं वाचायला मिळालं नव्हतं. तुकडे होते. कुणी स्लाइड कशी करायची ते सांगतं, कुणी नामकरणाची नियमावली समजावतं. पण अल्कोहोल कुठून आणायचं, कोणत्या कागदावर कुणाची सही लागते, कुठल्या टप्प्यावर किती महिने गप्प बसायचं, हे कुणी लिहीत नाही. मी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पीएचडी नाही, प्रकल्पाचा निधी नाही. जे केलं ते तास संपल्यावर, शनिवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत.

प्रजातीचं नाव या लेखात नाही. नवं नाव आधी निबंधातून, वर्णनासकट बाहेर यावं असा संकेत आहे. ते आधीच इकडेतिकडे फिरलं तर वर्णनाशिवायचं नुसतं नाव मागे उरतं आणि पुढच्या अभ्यासकांच्या डोक्याला ताप होतो. मित्रमैत्रिणींनाही मी अजून सांगितलेलं नाही, तेव्हा रागावू नका.

स्प्रिंगटेल माहीत नसतील तर थोडक्यात सांगते. पावसाळ्यात कुंडी उचलली की खालच्या ओल्या मातीत पांढरे-करडे ठिपके टणाटण उडतात, ते बहुधा हेच. पाय सहा असले तरी हल्लीच्या वर्गीकरणात त्यांना कीटकांत धरत नाहीत. तोंडाचे अवयव डोक्याच्या आत दडलेले असतात आणि पोटाला खंड सहाच. पोटाखाली दुमडून अडकवलेला एक दुपेडी काटा असतो, त्याला फर्क्युला म्हणतात. तो सुटला की प्राणी हवेत फेकला जातो. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या खडकात त्यांचे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म मिळाले आहेत. जगात आजवर ९,००० च्या वर प्रजातींची नोंद झाली आहे, भारतात ३०० च्या थोड्या वर. आपल्याकडचा आकडा इतका कमी का, याचं कारण उघड आहे: बघणारी माणसं कमी.

सुरुवात जुलै २०२२ मध्ये झाली. येऊरचं जंगल माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, पण येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं. तिथून मातीतले प्राणी गोळा करायचे तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली परवानगी लागते. ती राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात आणि त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. अर्ज संस्थेमार्फत, संशोधनाच्या प्रस्तावासह जावा लागतो. माझ्याकडे तेव्हा प्रस्ताव नव्हता, नुसतं कुतूहल होतं. म्हणून खाजगी जागा बघितली. एका सहकारी मैत्रिणीच्या वडिलांची कोलशेतला जुनी वाडी आहे. विहीर, चार आंबे, एक फणस, थोडे नारळ, आणि आता तिन्ही बाजूंनी टॉवर. काकांनी लगेच होकार दिला. तरी मी साध्या कागदावर दोन ओळी लिहून त्यांची सही घेतली: जागा माझ्या मालकीची आहे, यांनी मातीतले सूक्ष्म प्राणी अभ्यासासाठी नेण्यास हरकत नाही. काका हसले. "मातीचं पण अ‍ॅग्रीमेंट करतेस का गं?" दोन वर्षांनी संपादकांनी नमुने कुणाच्या परवानगीनं घेतले याचा पुरावा मागितला तेव्हा तोच कागद स्कॅन करून पाठवला. हा कागद पहिल्याच दिवशी करून ठेवा. वनखात्याची जमीन असेल तर मालकाची चिठ्ठी चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

वाडीत एका आंब्याच्या बुंध्याशी काळ्या मुंगळ्यांचं बीळ होतं. त्याच्यावरचा चिऱ्याचा तुकडा उलटला तर मुंगळ्यांच्या पायांमधून दुधी रंगाचे, मिलिमीटरभर लांबीचे प्राणी पळत होते. मुंगळे स्वतःची अंडी-अळ्या उचलून आत न्यायच्या घाईत. या पांढऱ्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. डोळे नाहीत, अंगावर रंग नाही, पण हलताना खवल्यांची चमक दिसत होती. एवढ्यावरून वंश, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, सांगता येतो: सायफोडेरस. निकोले यांनी १८४२ मध्ये हा वंश मांडला. यातल्या बऱ्याच प्रजाती मुंग्यांच्या किंवा वाळवीच्या घरात राहतात. आशियाच्या उष्ण भागात सायफोडेरस जावानस ही प्रजाती सर्रास मिळते, आणि अशा ठिकाणी पांढरा सायफोडेरस दिसला तर आधी तीच गृहीत धरायची असते. मीही तेच धरून घरी आले.

पकडायची युक्ती सोपी आहे. चिमटा विसरा, त्यानं प्राणी फुटतो. चित्रकलेचा सर्वांत बारीक ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून टेकवला की प्राणी त्याला चिकटतो. चपळ असतील तर तोंडानं ओढायची नळी करा: औषधाच्या दुकानातली सलाइनची नळी, मध्ये मलमलचा तुकडा, पुढे छोटी बाटली. अर्धे नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, त्यात शरीर मऊ राहतं आणि पुढे स्लाइड चांगली होते. उरलेले ९५ टक्क्यांच्या वर, डीएनएसाठी. ज्यांच्या घरात ते सापडले ते चार-पाच मुंगळेही त्याच क्रमांकाच्या वेगळ्या बाटलीत घ्या. यजमान कोण, हे निबंध तपासणारे परीक्षक विचारतातच. चिठ्ठी जाड कागदावर, पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

शुद्ध अल्कोहोल आपल्याला किरकोळीत मिळत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना असलेल्या संस्थेच्या साठ्यातून घ्यावं लागतं आणि त्याची नोंदवहीत नोंद होते. आमच्या प्रयोगशाळेतल्या दादांनी दर वेळी मोजून दिलं आणि दर वेळी माझी सही घेतली. डीएनएच्या बाटल्या घरच्या फ्रीजरमध्ये गेल्या. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "अगं, बर्फाच्या कप्प्यात हे काय ठेवलंयस?" सांगितल्यावर म्हणाल्या, "असू दे. आइस्क्रीमला लागणार नाही असं ठेव म्हणजे झालं." त्या डब्यावर त्यांनी स्वतः "हात लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवली.

बिळाभोवतालची माती आणि पाचोळाही पिशवीत भरून आणला होता. त्यासाठी बर्लेसे-टुलग्रेन फनेल लागतं. इटलीच्या अंतोनियो बर्लेसे यांनी १९०५ मध्ये गरम पाण्याच्या आधारानं ही पद्धत काढली, स्वीडनच्या टुलग्रेन यांनी १९१८ मध्ये पाण्याऐवजी दिवा आणला. माती वरून तापत, वाळत जाते, आतले प्राणी ओल शोधत खाली सरकतात आणि फनेलमधून अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. प्लास्टिकचं मोठं नरसाळं, पिठाची चाळणी आणि दिवा, एवढंच सामान. अडलं ते दिव्यापाशी. एलईडी उष्णता देत नाही. जुना ४० वॅटचा तारेचा दिवाच हवा. जांभळी नाक्याच्या बाजारात दोन-तीन दुकानं फिरल्यावर एका काकांनी माळ्यावरून धूळ झटकत काढून दिला. माती हळूहळू वाळू द्या. घाई करून दिवा जवळ आणला तर हे प्राणी खाली पोचायच्या आधीच मरतात.

आता स्लाइड. हा टप्पा मला सगळ्यात जास्त झोंबला, कारण तो रसायनावर अडला. स्प्रिंगटेल कायमस्वरूपी बसवायला हॉयरचं माध्यम वापरतात: ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, ३० ग्रॅम डिंकाचे स्वच्छ खडे, २०० ग्रॅम क्लोरल हायड्रेट, २० मिलिलिटर ग्लिसरीन. सगळं याच क्रमानं, न तापवता विरघळवायचं. क्लोरल हायड्रेट ताडीत भेसळ करायला वापरतात, त्यामुळे ते मागितलं की दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. प्रिन्सेस स्ट्रीटवर एका विक्रेत्यानं स्पष्ट सांगितलं, "मॅडम, लेटरहेड आणा, प्रिन्सिपॉलची सही आणा, कशाला पाहिजे ते लिहून आणा." त्याचं बरोबरच होतं. प्राचार्यांनी सही देण्यापूर्वी पत्र दोनदा वाचलं. यात गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा काळ गेला.

स्लाइड करण्याआधी प्राणी कोमट लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये ठेवायचा. आतलं मांस विरघळतं, कातडं पारदर्शक होतं. मग डोकं धडापासून वेगळं, फर्क्युला वेगळी, असं सुईच्या टोकानं मांडायचं. काही प्राणी कुशीवर, काही पालथे. हॉयरचं माध्यम हवेतली ओल शोषतं. आपल्याकडच्या जुलैत तर काचा चक्क घसरतात. उबदार जागी काही आठवडे वाळवून कडेनं नेलपॉलिशचे दोन थर द्या. तरीही काही संग्रहपालांना हे माध्यम आवडत नाही, ते कॅनडा बाल्सम, म्हणजे झाडाच्या राळेचं माध्यम, मागतात. नमुने जिथं ठेवणार त्यांना आधीच विचारून घ्या.

कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकावर खवले दिसले, पण केसांच्या खोबणी दिसेनात. त्यासाठी फेज कॉन्ट्रास्ट, म्हणजे पारदर्शक वस्तूतले बारकावे उठून दाखवणारी सोय, आणि तेलात बुडवायची १०० पटीची भिंग हवी. मुंबईतल्या एका संस्थेनं प्राचार्यांच्या पत्रावर शनिवारी दुपारी यंत्र वापरू दिलं, पैसे न घेता. जाताना स्वतःचं भिंगाचं तेल आणि भिंग पुसायचा कागद नेत जा. पाहुण्याला पुन्हा बोलावण्याची शक्यता वाढते.

सायफोडेरसमध्ये फर्क्युलाच्या मधल्या भागावर, ज्याला डेन्स म्हणतात, पिसासारखे मोठे खवले दोन ओळींत असतात: एक आतली ओळ, एक बाहेरची. टोकाला म्युक्रो नावाचा लांबट काटा. खवले किती, शेवटचा खवला म्युक्रोच्या मानानं किती लांब, म्युक्रोला दात किती, नखाच्या बुडाशी पंखासारखे दात कसे बसलेत, यावर प्रजाती ठरते. जावानसच्या वर्णनांशी माझे नमुने ताडून बघायला लागले तेव्हा खवल्यांचा हिशेब जुळेना. खवले हाताळणीत गळतात, त्यामुळे "गळला असेल" ही शंका आधी फेडावी लागते. खवला गेला तरी त्याची खोबण राहते; खोबणी मोजायच्या. दुसरी शंका वयाची. स्प्रिंगटेल मोठे झाल्यावरही कात टाकत राहतात आणि पिल्लांमध्ये केसांची मांडणी अपुरी असते, म्हणून जननद्वार पूर्ण तयार झालेले प्रौढ तेवढेच मोजायचे. हे सगळं करूनही फरक तसाच राहिला. आनंद वगैरे झाला नाही. आता हे काम वाढणार, एवढंच डोक्यात आलं.

वेगळं दिसणं आणि नवं असणं यांत मोठं अंतर आहे. जगात कुणीही, कधीही, कोणत्याही भाषेत याचं वर्णन केलेलं नाही, हे दाखवून द्यावं लागतं. २०२३ चा पूर्वार्ध यातच गेला. कार्ल बर्नर यांनी जावानसचं वर्णन १९०६ मध्ये जर्मनमध्ये केलं. भारतातल्या स्प्रिंगटेलवर इम्स यांनी १९१२ मध्ये लिहिलं, दक्षिण भारतावर प्रभू यांनी १९७१ मध्ये. जुने निबंध बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत फुकट मिळतात. जगातल्या सगळ्या नावांची यादी बेलिंजर, क्रिस्टियनसन आणि जान्सेन्स यांच्या संकेतस्थळावर आहे, तिथून सुरुवात करा. जुनी वर्णनं वाचताना चीड येते, कारण त्या काळी चार ओळी लिहून काम भागत असे. केसांच्या मांडणीचा उल्लेखही नाही. मी एक मोठा तक्ता केला. उभ्या रकान्यात प्रजाती, आडव्या ओळीत लक्षणं, आणि माहिती नसेल तिथं रिकामी चौकट. बारावीचे पेपर तपासताना उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी तो तक्ता पडलेला असायचा.

रिकाम्या चौकटी भरायला परदेशातल्या तज्ज्ञांना ईमेल केले. ओळखदेख नसताना. एकाचं उत्तर आलंच नाही, दुसऱ्यांनी दोन दिवसांत जुन्या स्लाइडचे फोटो पाठवले आणि माझ्या रेखाटनातल्या एका केसाभोवती लाल वर्तुळ काढून "हा नक्की आहे का?" असं विचारलं. तो होता. आपले नमुने मात्र परदेशी पाठवायची घाई करू नका. जैविक विविधता कायदा, २००२ खाली त्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. फोटो आणि रेखाटनं पाठवा.

२०२३ च्या पावसाळ्यात पुन्हा कोलशेतला गेले, आणि भावाच्या सोसायटीतही. ती बेलापूरला पारसिक टेकडीच्या पायथ्याशी आहे. तिथं सेक्रेटरींची लेखी परवानगी, मग समितीची मीटिंग, मग "पेस्ट कंट्रोलवाल्यांना आधी कळवा" अशी सूचना. ही सूचना सोन्याची निघाली, कारण फवारणी पुढच्याच आठवड्यात होती. फणसाखालच्या मुंगळ्यांच्या बिळात तोच प्राणी मिळाला. खाडीच्या दोन बाजूंना दोन ठिकाणं झाली आणि मोजायला प्रौढ नमुने पुरेसे झाले. एकाच बिळातल्या प्राण्यांवर प्रजाती उभी केली की ही एका कुटुंबाची लकब असेल, असा आक्षेप येतो. तो आधीच मिटला.

डीएनए करणं नियमानं सक्तीचं नाही, पण आता परीक्षक मागतात. प्राण्यांच्या प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायचा असतो. त्यासाठीचे फोल्मर आणि सहकाऱ्यांचे प्रायमर, म्हणजे हवा तो तुकडा धरणारे डीएनएचे छोटे धागे, १९९४ पासून जगभर वापरात आहेत. नवी मुंबईतल्या एका खाजगी प्रयोगशाळेनं डीएनएची काढणी, पीसीआर (त्या तुकड्याच्या भरपूर प्रती करणं) आणि दोन्ही बाजूंनी वाचन मिळून नमुन्यामागे २,००० रुपयांच्या आसपास घेतले. प्राणी चेचून टाकू नका असं आवर्जून सांगा. नुसत्या विकरात भिजवला तर मांस विरघळून डीएनए द्रावात उतरतो आणि रिकामं कातडं शाबूत राहतं. त्याची स्लाइड करता येते. पहिला निकाल आला, मी तो जेनबँकेत, म्हणजे डीएनएच्या नोंदींच्या जागतिक खुल्या संग्रहात, ताडला, आणि उत्तर आलं व्होल्बाकिया. म्हणजे प्राण्याच्या पेशीत राहणारा जीवाणू. स्प्रिंगटेलमध्ये हा जीवाणू असणं नवं नाही. काही प्रजातींत नरांशिवाय वंश चालतो तो त्याच्यामुळेच. हे प्रायमर कधीकधी त्यालाच धरतात. दिलेले पैसे गेले. पुढच्या नमुन्यांनी मात्र स्वच्छ उत्तर दिलं आणि ते जावानसच्या उपलब्ध नोंदींपासून लांब होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा नवऱ्याला म्हटलं, "नवीन असावं बहुतेक." तो म्हणाला, "दोन वर्षं तू 'बहुतेक'वरच आहेस."

रेखाटनांत २०२४ चा उन्हाळा गेला. यातलं सगळ्यात किचकट चित्र केसांच्या मांडणीचं. पाठीच्या प्रत्येक खंडावर कोणता मोठा केस कुठं, संवेदी लांब केस कुठं, हे ठरलेल्या खुणांनी दाखवायचं. रांगोळीच्या ठिपक्यांचा कागद समोर धरल्यासारखं दिसतं, आणि एक ठिपका चुकला तर पुढचं सगळं बिघडतं. सूक्ष्मदर्शकाला जोडायची चित्रनळी, जिच्यातून प्राणी आणि कागद एकदम दिसतात, ती त्या संस्थेत होती. पेन्सिलीनं काढून, घरी ट्रेसिंग पेपरवर ०.१ च्या पेननं गिरवून, स्कॅन करून फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वच्छ केलं. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात मोजपट्टी त्याच बैठकीत काढा. डोळ्यांना त्रास होतो. अर्ध्या तासानं उठून खिडकीतून लांबचं काहीतरी बघत जा. चष्म्याचा नंबर वाढला, तो खर्च मी यात धरलेला नाही.

मग आदर्श नमुन्यांचा प्रश्न. एक नमुना मुख्य, म्हणजे होलोटाइप. त्याच मालिकेतले बाकीचे पॅराटाइप. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार होलोटाइप कोणता आणि तो कोणत्या संग्रहात राहील हे निबंधात स्पष्ट लिहावं लागतं. आणि आपल्याकडे जैविक विविधता कायद्याचं ३९ वं कलम आहे: नवा सापडलेला जीव सरकारनं नेमलेल्या भांडाराला कळवायचा आणि त्याचा नमुना तिथं जमा करायचा. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असं एक भांडार. मुख्यालय कोलकात्याला, पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला. कुठंही द्या, आधी पत्र लिहा. मला कॉलेजच्या लेटरहेडवर विनंतीपत्र, नमुन्यांची यादी, गोळा केल्याची ठिकाणं व तारखा, परवानगीच्या प्रती आणि निबंधाचा कच्चा मसुदा, एवढं द्यावं लागलं. स्लाइडची पेटी टपालानं न पाठवता हातानं नेली, प्रवासभर मांडीवर. नोंदणी क्रमांक यायला तीनेक महिने लागले. तो क्रमांक नसेल तर बहुतेक नियतकालिकं निबंध पुढं सरकवत नाहीत, त्यामुळे लिखाण संपायची वाट न बघता हे काम आधीच सुरू करा. स्वतःच्या कपाटात होलोटाइप ठेवायचा मोह होतो. ठेवू नका.

नाव ठरवताना घरात आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना उत्साह आला. स्वतःचं नाव द्यायला संहितेत बंदी नाही, पण ते हास्यास्पद दिसतं. मैत्रिणीचं म्हणणं काकांचं नाव द्यावं. काका म्हणाले, "नको बाबा, आंधळा आहे म्हणतेस ना तो?" शेवटी जागेवरून घेतलं. वंशाचं नाव पुल्लिंगी असेल तर विशेषणरूपी प्रजातिनामही पुल्लिंगी हवं, आणि तेच नाव त्या वंशात आधी कुणी वापरलेलं नसावं, एवढं तपासा.

ऑगस्ट २०२४ मध्ये निबंध पाठवला. पहिल्या नियतकालिकाच्या संपादकांनी तो परीक्षकांपर्यंत न नेताच परत केला: एकाच प्रजातीचं वर्णन ते घेत नाहीत. दोन दिवस काही सुचलं नाही. मग दुसऱ्याकडे पाठवला. पाठवण्याआधी नियतकालिकाचे गेल्या वर्षाचे अंक चाळा, तुमच्यासारखे निबंध तिथं येतात का बघा, आणि लेखकाकडून शुल्क घेतात का तेही. जानेवारी २०२५ मध्ये दोन परीक्षकांची मतं आली. एकांनी इंग्रजी सुधारायला सांगितलं आणि बाकी मान्य केलं. दुसऱ्यांची मतं निबंधाहून लांब होती. आफ्रिकेतल्या प्रजातींशी तुलना हवी, वरच्या ओठावरच्या केसांचं चित्र हवं, खवल्यांच्या संख्येतली कमी-जास्त किती नमुन्यांत दिसली ते हवं. वाचताना राग आला. आठवड्यानं परत वाचलं तर त्यातलं जवळजवळ सगळं रास्त होतं. उत्तर देताना त्यांचं प्रत्येक वाक्य वेगळं घेऊन खाली आपलं उत्तर आणि पान-ओळ लिहायची. पटलं नाही तिथं कारण द्यायचं, आवाज चढवायचा नाही. मार्चमध्ये सुधारलेला निबंध गेला, जूनमध्ये स्वीकृतीचा ईमेल आला. तेव्हा मी प्रवेशाच्या रांगेतल्या पालकांना फॉर्म समजावत होते, त्यामुळे तो नीट वाचला तो संध्याकाळी, लोकलमध्ये.

झूबँक म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही. तिथली नोंदणी फुकट आहे. संहितेत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार फक्त ऑनलाइन निघणारा निबंध असेल तर प्रकाशनाआधी तिथं नोंद हवी आणि ती नोंद निबंधातच दिसायला हवी. नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत. काही नियतकालिकं हे स्वतः करतात, काही लेखकावर सोडतात. विचारून घ्या.

खर्चाचा हिशेब विचारणाऱ्यांसाठी: तीन वर्षांत मिळून साधारण ३५ हजार रुपये. त्यात सर्वांत मोठा वाटा डीएनएचा, मग रसायनं, काचा, स्लाइडच्या पेट्या आणि प्रवास. डीएनए एखाद्या ओळखीच्या विभागात झाला तर हा आकडा निम्म्यावर येईल. कॉलेजनं यंत्र, अल्कोहोल आणि असंख्य सह्या दिल्या. पगारात किंवा पदात यानं काही बदलत नाही, आणि स्टाफरूममध्ये तो प्रश्न हमखास येतो.

प्रुफं वाचताना शास्त्रीय मजकूर शेवटी वाचा. आधी आकडे बघा: नोंदणी क्रमांक, अक्षांश-रेखांश, तारखा, चित्रांचे क्रमांक, मोजपट्टीची एककं. अंक निघाल्यावर तीन कामं बाकी राहतील. भांडाराला निबंधाची प्रत पाठवायची. छापील प्रत काकांना आणि बेलापूरच्या सोसायटीच्या कार्यालयात द्यायची. आणि जेनबँकेत नोंदी सध्या "सायफोडेरस, प्रजाती अनिश्चित" अशा रोखून ठेवल्या आहेत, त्यांना खरं नाव देऊन त्या खुल्या करायच्या. हे तिसरं काम लोक विसरतात, आणि मग नंतर ताडून बघणाऱ्याला आपला प्राणी वर्षानुवर्षं बिननावाचाच दिसत राहतो.